इटालियन भाषा बिघडलेली नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत इटालियन भाषेच्या आजच्या स्थितीविषयी जो लेख प्रसिद्ध झाला, तो मी येथे उत्तर इटलीतल्या तोरिनोत (ट्यूरिनमध्ये) बसून दोनदा वाचला. मराठी वृत्तपत्राने युरोपातल्या एखाद्या भाषेसाठी पान राखून ठेवावे याचा आनंद झाला. पण त्या लेखातली दोन विधाने इतकी चुकीची आहेत की त्यांना उत्तर दिल्यावाचून राहवत नाही. पहिले विधान असे, की इटलीतल्या बोली म्हणजे खेड्यापाड्यांत बिघडलेली इटालियन होय आणि त्या निर्धाराने बाजूला सारल्यामुळेच तेथे एकभाषी राष्ट्र उभे राहिले. दुसरे असे, की आजची तरुण पिढी व्याकरण सोडून बोलत असल्यामुळे महाकवी दान्तेची भाषा डोळ्यांदेखत लयाला चालली आहे. लेखाच्या शेवटी महाराष्ट्राने यापासून धडा घ्यावा, अशी सूचनाही आहे. पुण्यात भाषाविज्ञान शिकून गेली चौदा वर्षे मी या शहरात राहते आणि संध्याकाळच्या वर्गात परदेशातून आलेल्या प्रौढांना इटालियन शिकवते. त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या कामाचा आहे.

आधी बोलींविषयी. इटलीत ज्यांना ‘दियालेत्तो’ म्हणतात त्या व्हेनेतो, लोंबार्दी, पिएमोन्ते, नापोली, सिसिली इत्यादी ठिकाणच्या बोली इटालियनपासून निघालेल्या नाहीत. त्या थेट लॅटिनपासून निघाल्या, जशी फ्लॉरेन्सची बोली निघाली. आज जिला आपण इटालियन म्हणतो ती याच फ्लॉरेन्सच्या बोलीचे चौदाव्या शतकातले साहित्यिक रूप आहे. नात्याने पाहिले तर नापोलीची बोली ही इटालियनची लेक नव्हे, बहीण आहे. ला स्पेत्सिया ते रिमिनी अशी एक कल्पित रेषा भाषाभ्यासक काढतात. तिच्या उत्तरेकडच्या बोली अनेक बाबतींत फ्रेंचच्या जवळ जातात आणि दक्षिणेकडच्या वेगळ्याच वाटेने गेलेल्या दिसतात. तोरिनोतला अस्सल पिएमोन्ते बोलणारा आजोबा आणि सिसिलीतल्या पालेर्मोची आजी आपापल्या बोलीत बोलू लागले तर एकमेकांचे बोलणे त्यांना उमगणार नाही. ‘दियालेत्तो’ या शब्दाचे ‘बोली’ असे भाषांतर करताना आपण नकळत वऱ्हाडी किंवा अहिराणीचे मराठीशी असलेले नाते तेथे नेऊन बसवतो. कोकणी ही भाषा की बोली, या वादातून गेलेल्या गोव्यातल्या वाचकांना तरी हे वेगळे समजावून सांगावे लागू नये.

दान्तेचे नाव लेखात तीनदा आले आहे, म्हणून त्याचीच साक्ष काढते. 1303 ते 1305 च्या सुमारास लॅटिनमध्ये लिहिलेल्या एका अपुऱ्या ग्रंथात त्याने इटलीतल्या चौदा बोलींची पाहणी केली, आणि त्यांतली एकही, अगदी त्याच्या स्वतःच्या तोस्कानाचीही (म्हणजे फ्लॉरेन्स ज्या प्रांतात आहे त्याचीही), सर्व इटलीची वाङ्मयीन भाषा होण्यास पुरेशी नाही असा निर्वाळा दिला. म्हणजे ‘दान्तेची भाषा’ नावाची एक अखंड, सर्वांनी बोललेली वस्तू दान्तेच्या काळीही नव्हती. पुढे 1525 मध्ये पिएत्रो बेम्बो या व्हेनिसच्या पंडिताने असे ठरवून टाकले, की पद्यासाठी चौदाव्या शतकातला कवी पेत्रार्काचा आणि गद्यासाठी त्याच काळातला कथाकार बोक्काच्चोचा आदर्श ठेवावा, म्हणजे तोवर पावणेदोनशे वर्षे जुनी झालेली भाषा लिहावी. 1583 मध्ये फ्लॉरेन्सला स्थापन झालेल्या आक्कादेमिया देल्ला क्रुस्का या भाषासंस्थेने 1612 मध्ये आपला कोश काढून त्याच मतावर शिक्कामोर्तब केले. एका बंदिस्त दालनात जपलेली अशी ही लेखी भाषा तीन शतके पुस्तकांतून, धर्मपीठावरून आणि दरबारी पत्रव्यवहारातून चालत राहिली, पण घरात, शेतात आणि बाजारात मात्र ती जवळपास कोणीच बोलत नव्हते.

किती कोणी बोलत नव्हते? 1861 मध्ये इटलीचे एकीकरण झाले तेव्हा देशात सुमारे अडीच कोटी माणसे होती. तूल्लिओ दे माउरो या थोर भाषाशास्त्रज्ञाने 1963 मध्ये हिशेब मांडला, की त्यांपैकी खऱ्या अर्थाने इटालियन येणारे जेमतेम अडीच टक्के होते: प्राथमिक शाळेच्या पुढे गेलेले थोडे लोक आणि त्यांच्या जोडीला फ्लॉरेन्स व रोमच्या परिसरातले साक्षर. आर्रिगो कास्तेल्लानी यांनी 1982 मध्ये तोस्काना व मध्य इटलीतली आणखी माणसे धरून हा आकडा दहा टक्क्यांच्या जवळ नेला. कोणाचाही आकडा घेतला तरी दहापैकी नऊ इटालियन नागरिकांना आपल्या देशाची भाषा येत नव्हती. आलेस्सान्द्रो मांत्सोनी या कादंबरीकाराने 1868 मध्ये शिक्षणमंत्र्यांना अहवाल दिला, की फ्लॉरेन्समध्ये त्या काळी सुशिक्षितांच्या तोंडी असलेली जिवंत भाषा शाळांतून सर्वत्र रुजवावी. त्यावर 1873 मध्ये ग्रात्सियादियो आस्कोली यांनी उत्तर दिले, की भाषा अशी वरून लादता येत नाही. विचारांची देवाणघेवाण वाढेल तशी ती आपोआप एक होत जाईल. इतिहासाने बऱ्याच अंशी आस्कोलींची बाजू खरी ठरवली. सैन्यात झालेली भरती, पहिल्या महायुद्धातले खंदक, दक्षिणेकडून तोरिनो आणि मिलानोच्या कारखान्यांकडे आलेले लाखो मजूर, 1954 च्या जानेवारीत सुरू झालेले दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण, 1962 च्या कायद्याने सर्वांसाठी एक झालेली माध्यमिक शाळा, अशा वाटांनी इटालियन भाषा शेवटी लोकांच्या घरात शिरली.

आणि घरात शिरली म्हणून बोली संपल्या असेही नाही. इटलीच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या 2015 च्या पाहणीनुसार घरात मुख्यतः इटालियन बोलणारे 45.9 टक्के होते, इटालियन आणि बोली दोन्ही मिळून बोलणारे 32.2 टक्के, आणि मुख्यतः बोलीच बोलणारे सुमारे 14 टक्के. शिवाय 1999 च्या 482 क्रमांकाच्या कायद्याने सार्देन्या, फ्रिऊली, आल्बेनियन, ग्रीक, जर्मन, स्लोव्हेन यांसह बारा अल्पसंख्य भाषांना संरक्षण दिले आहे. ‘एकभाषी राष्ट्र’ हे विशेषण या देशाला कसे लावायचे?

आता दुसऱ्या विधानाकडे येते, कारण खरे दुखणे तेथे आहे. जी भाषा शतकानुशतके फक्त लिहिली जात होती ती गेल्या साठ-सत्तर वर्षांत प्रथमच पाच-सहा कोटी लोकांच्या रोजच्या तोंडची झाली. ती बदलणार नाही तर काय होणार? आग, भाजी, भांडण, प्रेम, फोनवरची घाई या सगळ्यांसाठी ती वापरली जाऊ लागली. 1985 मध्ये फ्रांचेस्को साबातिनी यांनी या रूपाला ‘सर्वसाधारण वापरातील इटालियन’ म्हटले आणि 1987 मध्ये येथल्याच विद्यापीठातले गाएतानो बेर्रूतो यांनी तिला ‘नवप्रमाण इटालियन’ म्हटले. भाषेतले वैविध्य प्रदेशानुसार, सामाजिक थरानुसार, प्रसंगानुसार आणि लेखी की तोंडी या माध्यमानुसार कसे वाटले जाते, याची बैठक या अभ्यासकांनी घालून दिली. कलिंगडाला उत्तरेत ‘आंगूरिया’, रोम-तोस्कानात ‘कोकोमेरो’ आणि नापोलीकडे ‘मेल्लोने’ म्हणतात, तेव्हा कोणी भाषा बुडाल्याची ओरड करत नाही. रॉबर्ट रुएग या स्विस अभ्यासकाने 1956 मध्ये देशभरातल्या लोकांना सुमारे 240 वस्तू व कल्पनांची नावे विचारली, तेव्हा सर्वत्र एकमताने मिळालेला शब्द एकच होता, ‘एस्प्रेस्सो’. ओरड होते ती व्याकरणावरून. म्हणून व्याकरणातलीच चार-पाच उदाहरणे घेऊन मला दाखवायचे आहे, की ज्यांना लेखकाने अशुद्ध म्हटले ती रूपे जगभरच्या भाषांच्या नेहमीच्या चालीला धरून आहेत आणि त्यांतली काही तर मराठीला अगदी घरची आहेत.

लेखात ‘ल्यी’ या सर्वनामाचा दाखला दिला आहे. पुस्तकी व्याकरणात ‘त्याला’ यासाठी ‘ल्यी’, ‘तिला’ यासाठी ‘ले’ आणि ‘त्यांना’ यासाठी ‘लोरो’ असे तीन शब्द आहेत. बोलताना मात्र बहुसंख्य लोक तिन्ही ठिकाणी ‘ल्यी’ वापरतात, विशेषतः अनेकवचनात. ‘तिला’ या अर्थी ते वापरले तर अजूनही भुवया उंचावतात. लेखकाच्या मते हा आळस आहे. पण पाहा, या सगळ्या छोट्या सर्वनामांची जागा क्रियापदाच्या आधी असते आणि ‘लोरो’ मात्र एकटेच क्रियापदाच्या मागे जाऊन बसते. म्हणजे पंगतीतून उठलेले ते पान होते. दुसरे असे, की लिंगभेद कर्त्याच्या रूपात टिकतो आणि इतर विभक्त्यांत पुसट होतो, हे अनेक भाषांत दिसते. जोसेफ ग्रीनबर्ग यांनी 1963 मध्ये मांडलेल्या सार्वत्रिक नियमांतला 37 वा नियम सांगतो, की कोणत्याही भाषेत एकवचनापेक्षा अनेकवचनात अधिक लिंगभेद आढळत नाहीत. आपल्या मराठीत ‘ते’, ‘त्या’, ‘ती’ असे तिन्ही लिंगांचे अनेकवचन आहे, पण विभक्ती लागली की तिघांसाठी एकच ‘त्यांना’. मुलगेही ‘त्यांना’, मुलीही ‘त्यांना’, पाखरेही ‘त्यांना’. याला आपण आळस म्हणतो का? इटालियन लोक ‘त्यांना’च्या पायरीवर आले आहेत आणि काहीजण एकवचनाच्या पायरीवर पाय ठेवू पाहत आहेत, इतकाच याचा अर्थ.

‘तो’ या अर्थी ‘एल्यी’ सोडून ‘लुई’ म्हणणे हा दुसरा गुन्हा लेखकाने नोंदवला आहे. या गुन्ह्यात खुद्द मांत्सोनी सामील आहेत. 1840 मध्ये आपली कादंबरी नव्याने शुद्ध करून छापताना त्यांनी पहिल्या आवृत्तीतली ‘एल्यी’ ही रूपे असंख्य ठिकाणी काढून ‘लुई’ घातले, कारण फ्लॉरेन्समध्ये माणसे तसे बोलत असत. आज ‘एल्यी’ बोलण्यात क्वचितच भेटते, ते मुख्यतः औपचारिक लेखनात उरले आहे.

तिसरा मुद्दा सर्वांत रोचक आहे आणि त्याच्यावर मी थोडी रेंगाळणार आहे. ‘जिच्याविषयी मी तुला सांगितले ती मुलगी’ हे प्रमाण इटालियनमध्ये ‘ला रागात्सा दी कुई ती ओ पार्लातो’ असे होते. ‘कुई’ हे संबंधी सर्वनाम आणि त्याच्या आधी योग्य ते शब्दयोगी अव्यय. बोलताना मात्र अनेकजण ‘ला रागात्सा के ती ओ पार्लातो’ म्हणतात. ‘के’ हा एकच शब्द सर्व नात्यांसाठी चालवतात आणि मुलीचा त्या बोलण्याशी काय संबंध ते ऐकणाऱ्यावर सोपवतात. गरज वाटली तर पुढे एक सर्वनाम जोडतात, जसे ‘तो मुलगा की त्याला मी पुस्तक दिले’. शाळेत यासाठी लाल रेघ ओढली जाते. पण जगातल्या भाषांचा पट मांडला तर काय दिसते? विभक्ती दाखवणारे खास संबंधी सर्वनाम गुणवाक्याच्या (म्हणजे नामाविषयी माहिती देणाऱ्या उपवाक्याच्या) अग्रभागी आणून ठेवण्याची रीत प्रामुख्याने युरोपात एकवटलेली आहे आणि बाहेर दुर्मीळ आहे. संबंध उघड न सांगता मोकळा सोडणे, किंवा मागाहून सर्वनामाने भरून काढणे, या रीती मात्र जगभर सापडतात. 1977 मध्ये एडवर्ड कीनन आणि बर्नार्ड कॉमरी यांनी यासंबंधी एक उतरंड मांडली: सर्वांत वर कर्ता, मग कर्म, मग ‘-ला’चे नाते, मग इतर शब्दयोगी नाती, मग ‘-चा’चे नाते. उतरंडीत जसजसे खाली जावे तसतशी भाषेला मदतीच्या सर्वनामाची गरज अधिक भासते. रस्त्यावरची इटालियन या उतरंडीला अगदी धरून चालते: कर्ता आणि कर्म यांच्यासाठी जादा सर्वनाम सहसा लागत नाही, खालच्या पायऱ्यांवर ते डोकावू लागते. ज्या बाईने शाळेचे तोंड पाहिले नाही तिच्या वाक्यातही हा नियम पाळलेला सापडतो. मग याला ‘व्याकरण सोडणे’ कसे म्हणावे?

मराठीतही पाहा. आपल्याकडे ‘ज्या घरात मी लहानपणी राहिले ते घर’ अशी ‘जो-तो’ची बांधेसूद रचना आहे, ती युरोपीय रचनेहून निराळी आहे, कारण तीत नाम दोन्ही वाक्यांत येऊ शकते. पण तिच्या जोडीला ‘मी लहानपणी राहिलेले घर’ हीदेखील आहे. यात ‘त’ हा प्रत्यय कोठे आहे? ‘मी भाजी चिरलेली सुरी’ म्हणताना ‘-ने’ कोठे गेला? आपण तो गाळतो, ऐकणारा भरून घेतो, आणि कोणत्याही मराठी शिक्षकाने याला आजवर अशुद्ध म्हटलेले नाही. इटालियन मजुराच्या ‘के’ने तेच केले तर त्याच्यावर मात्र अडाणीपणाचा शिक्का बसतो.

चौथे उदाहरण माझ्या स्वतःच्या अनुभवातले आहे. येथे आल्यावर पहिल्या वर्षी मी एकदा ‘ओ विस्तो आ मारिया’ म्हणाले, म्हणजे ‘मी मारियाला पाहिले’. शिकवणाऱ्या बाईंनी विचारले, ‘तुम्ही आधी नापोलीत शिकलात का?’ प्रमाण इटालियनमध्ये कर्माआधी ‘आ’ लावत नाहीत; दक्षिणेत मात्र कर्म माणूस असेल तर लावतात, घर किंवा पुस्तक असेल तर लावत नाहीत. सार्देन्या बेटावरही तसेच आहे आणि स्पॅनिशमध्ये तर ते प्रमाण व्याकरणच आहे. मी नापोलीला तोवर गेलेही नव्हते. मी माझ्या मराठीच्या चालीने बोलले होते: ‘मी घर पाहिले’ पण ‘मी मारियाला पाहिले’, ‘तिने आंबा आणला’ पण ‘तिने मुलाला आणले’. सजीव आणि निश्चित कर्माला वेगळी खूण करण्याच्या या पद्धतीला गेयोर्ग बोस्सोंग यांनी 1980 च्या दशकात ‘विभेदक कर्मचिन्हन’ अशा अर्थाचे नाव दिले, आणि ती भारतापासून इराण, तुर्कस्तानमार्गे थेट स्पेनपर्यंत पसरलेली आढळते. माझ्या वर्गात बंगाली ‘के’ आणि पंजाबी ‘नूं’ घेऊन आलेले विद्यार्थीही हमखास ‘आ’ लावतात. त्यांना प्रमाण रूप शिकवणे माझे कामच आहे आणि ते मी करते. पण तुमचे चुकले, असे त्यांना सांगताना, हीच रचना सिसिलीत लाखो लोकांची मातृरचना आहे, हेही मी सांगते.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दक्षिणेतल्या कालाब्रियाहून 1960 च्या दशकात लग्न होऊन आलेल्या एक बाई राहतात. त्या काळी या शहरात ‘दक्षिणेकडच्यांना घर भाड्याने मिळणार नाही’ अशा पाट्या लागत असत, हे येथल्या जुन्या माणसांना चांगले आठवते. बाई आजही नातवाच्या शिक्षिकेशी बोलताना ‘आ’ तोंडातच थांबवतात, वाक्य मध्येच तोडतात आणि दुसऱ्या शब्दांनी पुन्हा सुरू करतात. मला याचे फार वाईट वाटते. त्यांच्या जिभेवर असलेली रचना अर्ध्या जगाची आहे. लाज मात्र त्या पाट्यांतून आलेली आहे. भाषेतले कोणते रूप हिणवले जाते आणि कोणते खपवून घेतले जाते, हे त्या रूपाच्या अंगभूत गुणावर ठरत नाही. उलट बाजूचे उदाहरणही येथे घडले आहे. ‘पियुत्तोस्तो के’ या शब्दांचा मूळ अर्थ ‘च्याऐवजी’. 1980 च्या दशकापासून उत्तरेतल्या, विशेषतः मिलानोच्या सुस्थित वर्गात ते ‘किंवा’ या अर्थी वापरले जाऊ लागले आणि दूरचित्रवाणीवरून देशभर गेले. त्यामुळे ‘चहाऐवजी कॉफी’ की ‘चहा किंवा कॉफी’ असा खराखुरा घोटाळा होतो. हे रूप मला स्वतःला मुळीच आवडत नाही, आणि क्रुस्कानेही त्याविरुद्ध सल्ला दिला आहे. पण ते वापरणाऱ्याला कोणी अडाणी म्हटल्याचे मी ऐकलेले नाही.

‘मला कळले असते तर मी आले असते’ याला पुस्तकी इटालियनमध्ये ‘से लो आवेस्सी सापुतो, सारेई वेनुता’ अशी दोन अवजड रूपे लागतात. बोलताना लोक ‘से लो सापेवो, वेनीवो’ म्हणतात, म्हणजे अपूर्ण भूतकाळ दोन्हीकडे. लेखकाने याला तर्कशून्यता म्हटले आहे. न घडलेल्या गोष्टीसाठी अपूर्ण क्रियेचे रूप वापरणे ही कितीतरी भाषांची रीत आहे. हिंदीतले ‘जानता तो आता’ घ्या. आपल्या ‘मला वेळ असता तर’ यातला ‘असता’ आणि ‘मला रोज वेळ असतो’ यातला ‘असतो’ हे दोन्ही एकाच वर्तमानकालवाचक कृदन्ताचे वंशज आहेत. जे मराठी-हिंदीला चालले ते इटालियनमध्ये तर्काविरुद्ध कसे ठरेल? याच धर्तीवर ‘इल जोर्नाले लो कोंप्रो इओ’, म्हणजे ‘पेपर, तो मीच घेते’, यातले पुन्हा आलेले ‘लो’ हेही द्विरुक्तीचा दोष नव्हे. विषय आधी मांडून मग त्याच्याविषयी बोलण्याची ती पद्धत आहे. अशीच छोटी सर्वनामे क्रियापदाला चिकटत जाऊन पुढे कर्माची खूण बनतात, असा प्रवास अनेक भाषांनी केलेला आहे. उत्तर इटलीच्या बोलींत कर्त्याच्या बाबतीत हे घडूनही गेले आहे. पिएमोन्तेमध्ये ‘मारिया जेवते’ हे ‘मारिया आ मांजा’ असे होते आणि त्यातले ‘आ’ हे कर्त्याचे छोटे सर्वनाम गाळता येत नाही. तीच बोली नकार क्रियापदाच्या मागे ठेवते, ‘मारिया आ मांजा नेन’. प्रमाण इटालियनमधला ‘नोन’ मात्र क्रियापदाच्या आधी असतो. एकाच देशात, एका दिवसाच्या आगगाडीच्या प्रवासात, भाषांचे इतके निरनिराळे प्रकार भेटतात की भाषांच्या प्रकारांचा अभ्यास करणारे इटलीला प्रयोगशाळाच समजतात.

या प्रयोगशाळेतली एक गोष्ट मराठी वाचकांना सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आपण ‘मी पोळी खाल्ली’, ‘तू पोळी खाल्लीस’ म्हणतो, पण ‘त्याने पोळी खाल्ली’. आजच्या प्रमाण मराठीत पहिल्या-दुसऱ्या पुरुषाला ‘-ने’ लागत नाही, तिसऱ्याला लागतो. जुन्या मराठीत ‘म्यां’, ‘त्वां’ अशी वेगळी रूपे होती. ती मावळली आणि पुरुषानुसार ही फाळणी झाली. आता मध्य इटलीतल्या आब्रुत्सो प्रांताच्या पूर्व भागातल्या बोली पाहा. प्रमाण इटालियनमध्ये ‘खाल्ले आहे’ यासाठी सर्व पुरुषांत ‘जवळ असणे’ या अर्थाचे ‘आवेरे’ हे साहाय्यक क्रियापद लागते. आब्रुत्सोत मात्र पहिल्या आणि दुसऱ्या पुरुषाला ‘असणे’ या अर्थाचे क्रियापद लागते आणि तिसऱ्यालाच ‘आवेरे’चे रूप. मी-तू एका बाजूला, तो-ती दुसऱ्या बाजूला. आणि तेही दोन्हीकडे पूर्ण झालेल्या क्रियेच्या बाबतीतच. मूळही सारखेच आहे. लॅटिनमधल्या ‘माझ्याजवळ लिहिलेले पत्र आहे’ अशा रचनेतून इटालियनचा पूर्ण भूतकाळ आला आणि संस्कृतातल्या ‘मया पत्रं लिखितम्’ अशा रचनेतून मराठीचा. दोन्हींत कृदन्त कर्माशी जुळत असे. मराठीने ते जुळणे कर्मणी प्रयोगात राखले. इटालियनने बरेचसे सोडले, पण ‘ती (पोळी) मी खाल्ली’ या अर्थी ‘ल’ओ मांजाता’ म्हणताना सर्वनामापुरते अजून राखले आहे. दोन भाषांनी एकमेकींपासून काही उसने घेतलेले नाही. सारख्या मातीत सारखे पीक आले आहे. आणि हे पीक आब्रुत्सोतल्या त्या बोलींत सापडले, ज्यांना आपल्या लेखकाने बिघडलेली इटालियन म्हटले.

इटालियन आणि भारतीय भाषांचे साम्य प्रथम ज्यांच्या डोळ्यांत भरले त्यांपैकी एकजण फ्लॉरेन्सचाच होता, हेही येथे सांगावेसे वाटते. फिलिप्पो सास्सेत्ती हा व्यापारी 1583 मध्ये, म्हणजे क्रुस्काच्या स्थापनेच्याच वर्षी, हिंदुस्थानात आला. 1585 च्या सुमारास घरी धाडलेल्या पत्रांत त्याने लिहिले, की संस्कृतातले देव, सर्प आणि सहा, सात, आठ, नऊ हे आकडे आपल्या शब्दांशी मिळतेजुळते आहेत. 1588 मध्ये तो गोव्यात वारला.

माझ्या म्हणण्याचा विपर्यास होऊ नये म्हणून एक गोष्ट स्पष्ट करते. जगभर आढळते म्हणून एखादे रूप परीक्षेच्या पेपरात किंवा न्यायालयाच्या निकालपत्रात चालवावे, असे मी म्हणत नाही. प्रमाण भाषेची गरज मला पटते. माझ्या विद्यार्थ्यांना नोकरीचा अर्ज लिहिताना ‘दी कुई’ लिहिता आलेच पाहिजे आणि मी ते घोटून घेते. शिवाय भाषांच्या प्रकारांच्या अभ्यासाने सगळ्याचा उलगडा होतो असेही नाही. कोणते बदल भाषेच्या स्वभावाला सोपे आहेत एवढे तो सांगतो. त्यांतला कोणता, कोणत्या शहरात, कोणत्या वर्गाच्या तोंडून पुढे सरकेल आणि कोणता लाजेने घशातच राहील, हे समाज ठरवतो. म्हणून बेर्रूतो यांच्यासारखे अभ्यासक दोन्ही बाजूंनी पाहतात. आपल्या लेखकाने दोन्ही बाजू सोडून फक्त शाळेतल्या लाल रेघेवर भिस्त ठेवली आणि तीच रेघ पुढे ओढून महाराष्ट्राला बोली बाजूला सारण्याचा सल्ला दिला. ज्या इटलीचा दाखला त्यांनी दिला तेथे 2015 च्या पाहणीतही चारपैकी जवळजवळ दोन माणसे घरात बोलीचा थोडा ना थोडा वापर करत होती. तेव्हा त्या सल्ल्याला त्या देशाचा आधार मिळत नाही.

पत्र लांबले आहे याची मला जाणीव आहे. जागेअभावी ते कापावे लागले तर सास्सेत्तीचा आणि आब्रुत्सोचा मजकूर वगळावा, माझी हरकत नाही. मात्र इटलीतल्या बोली इटालियनपासून नव्हे तर लॅटिनपासून आलेल्या आहेत ही दुरुस्ती, आणि त्यासोबत 2015 च्या पाहणीचे आकडे, कृपया पुरवणीच्या त्याच पानावर छापावेत, जेथे मूळ लेख आला होता.

कळावे,
आपली नम्र,
तोरिनो (इटली) येथील एक वाचक